दूरच्या कोठारातील दप्तर आणि न बोलता दिलेली परवानगी

स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्यावीत अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा बाजार समितीची फी, हमाली-तोलाईचे दर किंवा कडधान्यांच्या भावातील चढउतार अशा नेहमीच्या विषयांपैकी एखादा घ्यावा असे प्रथम आमच्या मनात आले. परंतु या विषयांवर आमच्यापेक्षा जाणत्या सभासदांनी वेळोवेळी लिहिले आहे. यास्तव, आमच्या पेढीला पदरचे मोल देऊन जो एक धडा शिकावा लागला, तोच आम्ही येथे मांडीत आहोत. विषय संगणकाचा आहे आणि आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे व्यापारी आहोत, हे वाचून कोणी हसेल. तथापि आमचा अनुभव असा की, हा विषय यंत्राचा जितका आहे, त्याहून अधिक दप्तर राखण्याचा आहे; आणि दप्तर राखणे हे तर आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे.

जुन्या पेढीची व्यवस्था

आमच्या वडिलांच्या काळी रविवार पेठेतील आमच्या दुकानात तीन प्रकारची माणसे असत. पहिले मालक, दुसरे दिवाणजी आणि दुकानची माणसे, तिसरे रस्त्यावरून येणारे-जाणारे. दप्तरही या तिघांना अनुसरून तीन ठिकाणी असे. दारातील काळ्या फळ्यावर खडूने शाळू, हरभरा, तूरडाळ, तांदूळ यांचे भाव लिहिलेले असत. ते कोणीही उभे राहून वाचावेत. मात्र खडू हाती घेण्याचा अधिकार दुकानाचाच. कीर्द आणि खतावणी दिवाणजींच्या मेजावर. त्यांतील बरीचशी मोडीत लिहिलेली असल्यामुळे कोणी वाकून पाहिले तरी त्याला फारसे उमगत नसे. येणे-बाकीची वही मात्र तिजोरीत, आणि तिजोरीची किल्ली वडिलांच्या करदोट्याला.

वडील एक वाक्य वारंवार म्हणत: "भाव चारचौघांत, बाकी चार भिंतींत." रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी चाल नियंत्रित बाजारामुळे मोडली आणि उघड लिलाव आले, याचे त्यांना समाधान होते, कारण झाकलेल्या भावात शेतकरी बुडतो. परंतु उघड्या पडलेल्या बाकीत गिऱ्हाईक बुडते, हेही ते तितक्याच ठामपणे सांगत. कोणत्या गोष्टीला उजेड द्यावा आणि कोणतीला आडोसा, हे ओळखणे म्हणजेच पेढी चालविणे, असा त्यांचा सिद्धांत होता.

या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट आम्हास तेव्हा दिसली नव्हती. नवी वही विकत आणली की ती आपोआप दिवाणजींच्या मेजावर जाई; नवी पाटी आणली की ती दारात लागे. 'ही कोठे ठेवू?' असे कोणी विचारीत नसे. सांगण्याची गरज नव्हती, कारण न सांगितलेले सर्वांना ठाऊक होते. यंत्राच्या राज्यात मात्र न सांगितलेले दुसऱ्याच कोणी ठरवून ठेवलेले असते, आणि तेथेच आमची फसगत झाली.

दप्तर दूर का गेले

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरील मालाच्या वाहतुकीस ई-वे बिल सुरू झाले. कोगनोळी नाक्यावर कागदांची चळत घेऊन रात्र काढण्याचे दिवस संपले खरे, परंतु कागद संपले नाहीत. ते संगणकात शिरले. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा, असा या कायद्याचा दंडक आहे. म्हणजे सहा वर्षांचे दप्तर कोठे तरी सुरक्षित पाहिजे.

त्यातच ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले आणि निपाणी-कोल्हापूरची वाहतूक खुंटली, हे आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. आमच्या निपाणीकडील गोदामात हातभर पाणी शिरले. धान्य भिजले त्याचे दुःख झालेच; परंतु खालच्या फडताळातील जुन्या वह्यांचा लगदा झालेला पाहून आमच्या घशाला कोरड पडली. त्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी ठरविले की, दप्तराची एक प्रत बेळगाव-निपाणीच्या बाहेर, पाणी पोहोचणार नाही अशा ठिकाणी असली पाहिजे.

असे ठिकाण म्हणजे सर्व्हर. सर्व्हर म्हणजे दूर कोठे तरी अहोरात्र चालू असणारा मोठा संगणक. त्यावरील थोडी जागा वार्षिक भाड्याने मिळते, आणि आपल्या संगणकावरील फाइल तारेवाटे तेथे चढवावयाची, यास अपलोड म्हणतात. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. दारातला फळा वाचण्यास कोणी येईना, म्हणून त्याच भाड्याच्या जागेत आमच्या पेढीचे संकेतस्थळ उघडले आणि रोज सकाळी आठ वाजता दरपत्रक तेथे चढू लागले. अथणीपासून चंदगडपर्यंतचे किरकोळ दुकानदार मोबाईलवर आमचे दर पाहू लागले. एकाच जागेत दोन फोल्डर होते: एकात दरपत्रक, दुसऱ्यात येणे-बाकीच्या यादीची मासिक प्रत. म्हणजे फळा आणि तिजोरी आता एकाच खोलीत नांदत होती. आम्हास यात वावगे काही दिसले नाही.

त्या सकाळी काय झाले

जून २०२१ मधील गोष्ट. दुकानात नवा संगणक आला. पहिल्याच सकाळी दरपत्रक नव्या नावाने चढविले आणि साडेआठ वाजल्यापासून फोन वाजू लागले. "अण्णा, दर दिसंनात. 'फॉरबिडन' म्हणून लिहून येतंय." फाइल तर पोहोचली होती. तिचे नाव होते, आकार होता. पण उघडू पाहणाऱ्यास मज्जाव होत होता. गोणी गोदामात पोहोचावी आणि कुलूप कोणालाच निघू नये, असा प्रकार.

चिरंजीव त्या दिवशी हुबळीस गेले होते. आमचे यंत्रकाम अधूनमधून पाहणाऱ्या एका तरुणास आम्ही फोन केला. त्याने दूरूनच काही आज्ञा दिली आणि पाच मिनिटांत म्हणाला, "आता बघा, दिसतंय का?" आम्ही मोबाईल उघडला. शाळू, तूरडाळ, गूळ, सारे जागच्या जागी. "दिसतंय, दिसतंय," असे म्हणून आम्ही त्याचे आभार मानले आणि चहा मागविला.

वाचकहो, आमची चूक झाली ती त्या क्षणी. 'दिसते का?' एवढेच आम्ही विचारले. 'कोणाला दिसते?' आणि 'आणखी काय दिसते?' हे विचारले नाही.

परिणाम

दिवाळी पंधरा दिवसांवर आली असता निपाणीच्या पूर्वेकडील एका खेड्यातील किराणा दुकानदार आमच्या गादीसमोर येऊन उभे राहिले. तीस वर्षांचा आमचा व्यवहार. महापुरात त्यांचे दुकान गेले, मग टाळेबंदी आली. त्यामुळे बाकी साचून एक लाख अठ्ठावीस हजारांवर गेली होती. आम्ही तगादा केला नव्हता. त्यांनी टोपी काढली नाही, बसले नाहीत. म्हणाले, "अण्णा, तीस वर्सं तुमच्या दुकानातनं माल नेला. आमची बाकी अशी चावडीवर लावलीसा व्हय?"

त्यांच्या हातातील मोबाईलवर आमचीच यादी होती. आमच्या पेढीचे नाव, महिना, आणि खाली एकशे बारा खातेदारांची नावे व रकमा. कोणी तरी गूगलवर स्वतःच्या दुकानाचे नाव शोधता शोधता ती यादी उघडली आणि पाहता पाहता ती व्हॉट्‌सॲपवरून तालुकाभर फिरली. एका दुसऱ्या पेढीने ती वाचून यांना दिवाळीचा माल रोखीशिवाय देण्याचे नाकारले होते. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. तिकडेही कुजबुज पोहोचली होती.

आम्ही काय उत्तर देणार? चोरी झाली असती तर चोराला शिव्या घातल्या असत्या. येथे कुलूप कोणी फोडलेच नव्हते. दार आम्हीच उघडे टाकले होते, आणि तेही नकळत. आठ दिवसांत त्या गृहस्थांनी पतसंस्थेतून कर्ज काढून पै न्‌ पै चुकती केली. पावती घेतली, नमस्कार केला आणि गेले.

चार-दोन-एकची वजने

त्याच रात्री आमच्या सूनबाईंनी संगणक उघडला. त्यांनी बेळगावातच संगणकशास्त्राचे शिक्षण घेतलेले आहे. परंतु दुकानाच्या यंत्रात घरच्या लेकीसुनांचे काय काम, अशी आमची तोपर्यंतची समजूत होती. तीही त्या रात्री दुरुस्त झाली. "मामा, हे तुम्हाला कळण्यासारखं आहे," असे म्हणून त्यांनी जे समजाविले, ते आमच्या शब्दांत येणेप्रमाणे.

बहुतेक सर्व्हर युनिक्स किंवा तिच्या वळणाने घडलेल्या लिनक्स या प्रणालीवर चालतात. युनिक्सचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. या प्रणालीत प्रत्येक फाइलीच्या कपाळी तीन अंक लिहिलेले असतात. पहिला अंक मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. म्हणजे मालक, दिवाणजी आणि रस्त्यावरचा! आमच्या वडिलांची पेढीच ती.

प्रत्येक अंक तीन वजनांनी बनतो. वाचण्याच्या परवानगीचे वजन ४, लिहिण्याचे २, चालविण्याचे १. चार, दोन आणि एक ही वजने तराजूत कशीही घाला. शून्य ते सात यांपैकी कोणतीही बेरीज एकाच रीतीने होते, हे कोणत्याही तोलाऱ्यास ठाऊक आहे. म्हणून ६ म्हणजे वाचणे आणि लिहिणे, ४ म्हणजे नुसते वाचणे, ७ म्हणजे सर्व काही, ० म्हणजे काही नाही. मग ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकी सर्वांनी केवळ वाचावे: हा आमचा दारातला फळा. ६४० म्हणजे दिवाणजींनी वाचावे, रस्त्यावरच्याला काही नाही: ही खतावणी. ६०० म्हणजे मालकाशिवाय कोणास काही नाही: ही करदोट्याची किल्ली. आणि ७७७ म्हणजे मालक, दिवाणजी आणि वाटसरू या तिघांनीही वाचावे, खाडाखोड करावी, वाटेल ते करावे.

फोल्डरच्या बाबतीत अर्थ किंचित बदलतो. तेथे वाचणे म्हणजे आत कोणत्या वस्तू आहेत त्यांची नावे पाहणे. 'चालविणे' म्हणजे उंबरठा ओलांडणे. आणि लिहिणे म्हणजे आत नवी वस्तू ठेवणे किंवा असलेली काढून टाकणे. म्हणून आतील फाइलीवर लिहिण्यास बंदी असली, तरी फोल्डरावर मोकळीक असल्यास ती फाइल सबंध नाहीशी करता येते. वहीत खाडाखोड करू न देता वहीच उचलून नेऊ द्यावी, असा हा प्रकार होय.

आता कोणी विचारील की, 'इतर' म्हणजे त्या सर्व्हरवरील इतर भाडेकरू. जगातील कोणीही मनुष्य तेथे कसा पोहोचतो? याचे उत्तर असे. संकेतस्थळ दाखविणारा जो कार्यक्रम असतो तो खिडकीवरच्या कारकुनासारखा आहे. त्याचे स्वतःचे एक खाते असते आणि पुष्कळदा तो 'इतरां'तच मोडतो. त्याच्या नजरेच्या टप्प्यातील जे त्याला वाचता येते, ते तो मागेल त्याच्या हाती देतो. त्याला वाचता आले नाही, तर 'मज्जाव' म्हणून सांगतो. जूनमधील त्या सकाळी दरपत्रक ६०० झाले होते म्हणून कारकून हात हलवीत होता. त्या तरुणाने मुळाशी न जाता संपूर्ण जागेस, आतील फोल्डरांसह, ७७७ करून टाकले. कारकुनास सारे वाचता येऊ लागले; तिजोरीतील वहीसुद्धा.

झाकण: न बोललेला नियम

"पण दरपत्रक ६०० झाले कसे? आम्ही तर कोणासही मज्जाव करण्यास सांगितले नव्हते." आमचा हा प्रश्न ऐकून सूनबाई म्हणाल्या, "मामा, सांगितलं नव्हतं, म्हणूनच." सर्व गोम या उत्तरात आहे.

नवी फाइल जन्मास येते तेव्हा तिला कोणती परवानगी द्यावी हे आपण बहुधा सांगत नाही. सर्वसाधारणपणे फाइलीसाठी ६६६ आणि फोल्डरासाठी ७७७ मागितले जाते, आणि त्यावर प्रणाली एक झाकण ठेवते. या झाकणास युमास्क म्हणतात. झाकण ०२२ असेल तर गटाचा व इतरांचा लिहिण्याचा अधिकार झाकला जातो. फाइल ६४४ होते, फोल्डर ७५५. झाकण ०७७ असेल तर मालकावाचून सर्वांचे सर्व काही झाकले जाते. फाइल ६००, फोल्डर ७००. झाकण ०२७ असेल तर ६४० आणि ७५०.

हिशेबी मनुष्यास ही वजाबाकी वाटेल, आम्हासही वाटली. परंतु ती वजाबाकी नव्हे. ६६६ मधून ०३३ वजा केल्यास ६३३ येतात. प्रणाली मात्र ६४४ देते. कारण जे वजन तराजूत नव्हतेच ते झाकल्याने काही उणे होत नाही. झाकण असलेले झाकते. नसलेले देत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण आमचे दरपत्रक याच नियमाने अडले. नव्या संगणकावरील दरपत्रक बनविणारा कार्यक्रम प्रत्येक फाइल केवळ मालकापुरती, म्हणजे ६००, करीत असे. अपलोड करताना एसएफटीपी या प्रचलित पद्धतीत पुष्कळदा मूळ संगणकावरील परवानगीच फाइलीबरोबर जाते. सर्व्हरचे झाकण ०२२ होते. परंतु झाकण परवानगी कमी करू शकते, वाढवू शकत नाही. म्हणून ६०० ची ६०० च राहिली. ज्या बाजाराहून गोणी निघाली तेथील मार्का घेऊनच ती आली, असे समजावे. यापूर्वी हा अडथळा आला नाही त्याचे एक कारण असे की, आम्ही रोज त्याच नावाची फाइल जुन्यावर चढवीत होतो. आणि असलेल्या फाइलीवर नवा मजकूर ओतला तर परवानगी बहुधा जुनीच राहते. नाव बदलले, आणि नवी फाइल नव्या नियमाने जन्मली.

आणखी एक गंमत. हे झाकण सर्वत्र सारखे नसते. लिनक्सवर फाइली स्वीकारणारा व्हीएसएफटीपीडी नावाचा एक प्रसिद्ध कार्यक्रम आहे. कोणी काही न सांगितल्यास त्याचे झाकण ०७७, म्हणजे कडेकोट. प्रोएफटीपीडी नावाचा दुसरा आहे. त्याच्या मांडणीच्या नमुन्यात ०२२, म्हणजे वाचण्यास सर्वांना मोकळीक. एकच फाइल, एकच मालक. एका दारी ती झाकलेली, दुसऱ्या दारी उघडी. दोन्ही कार्यक्रमांचे कर्ते जाणते लोक. दोघांनी आपापल्या परीने योग्य तेच ठरविले. पण त्यांना आमची पेढी ठाऊक नव्हती. पहिली फाइल दरपत्रक आहे आणि दुसरी येणे-बाकी, हे त्यांना कोण सांगणार? ते सांगणे आमचे काम होते.

मोठ्यांच्या घरीही

हे केवळ आमच्यासारख्या अर्धशिक्षित व्यापाऱ्यांच्या बाबतीत घडते असे कोणी समजू नये. मे २०२० च्या अखेरीस परदेशी सुरक्षा-संशोधकांनी असे जाहीर केले की, व्यापारी व नागरिक यांना भीम या देयक-पद्धतीत नोंदविण्यासाठी चालविलेल्या एका संकेतस्थळाची सुमारे ४०९ गिगाबाइट माहिती, आधार कार्डांच्या प्रतींसह, ॲमेझॉनच्या कोठारात कुलपावाचून उघडी पडली होती. नोंदी सुमारे ७२ लाख. भीम ॲपमधील माहितीला कोणताही धक्का लागलेला नाही, असा खुलासा राष्ट्रीय देयक महामंडळाने केला. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसणाऱ्या नव्वद हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रे टेलिग्रामवर प्रसिद्ध झाली. ती ज्या बाह्य दुव्यावरून मिळत तेथूनच ती गेल्याचे आयोगाने सांगितले. दर्शनी दार भक्कम असून उपयोग काय, जर बाजूची खिडकी कोणी पाहिलीच नाही?

यातून मोठे दुकानदारही शिकले. ॲमेझॉनच्या त्याच कोठारसेवेने एप्रिल २०२३ पासून असा पालट केला की, नवे कोठार उघडले की त्यास सार्वजनिक प्रवेश आपोआप बंद. उघडावयाचे असल्यास मालकाने मुद्दाम उघडावे. आमच्या मते हाच योग्य न्याय आहे. विसरभोळ्या मनुष्याचे दार विसरल्यास बंद राहावे, उघडे राहू नये. बंद दाराने फार तर गैरसोय होते. फोन येतात, चार माणसे रागावतात, आणि चूक त्याच दिवशी कळते. उघडे दार मात्र तक्रार करीत नाही. ते चार महिने मुकाट्याने उघडे राहते, आणि कळते तेव्हा तीस वर्षांचे गिऱ्हाईक समोर उभे असते.

कायदाही आता या बाजूस वळला आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील बहुतेक जबाबदाऱ्या नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. माहिती राखण्याची वाजवी खबरदारी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्यासारख्यांवर तेवढा दंड कोणी बसवील असे नव्हे. परंतु गिऱ्हाइकाचे नाव, फोन आणि बाकी ही आपली मालमत्ता नसून त्याची आपल्याकडील ठेव आहे, हे तत्त्व आता कायद्याने लिहून ठेवले आहे. आपल्या वाडवडिलांनी ते न लिहिता पाळले होते.

सभासदांस विनंती

आम्ही त्यानंतर जी व्यवस्था केली ती सांगतो. ज्यास पटेल त्याने आपल्या यंत्र जाणणाऱ्या मुलाबाळांकडून करवून घ्यावी.

पहिली गोष्ट, फळा आणि तिजोरी एका खोलीत ठेवू नये. आमचे दरपत्रक संकेतस्थळाच्या जागेत आहे. बाकीची यादी निराळ्या ठिकाणी, जेथे खिडकीवरच्या कारकुनाची नजरच पोहोचत नाही. शिवाय ती येथेच कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक लिपीत करून, मग पाठविली जाते. मोडी गेली, तिची जागा घेणारे काही तरी पाहिजेच.

दुसरी, झाकण कोणते आहे हे सर्व्हरच्या चालकास विचारावे आणि आपल्यास हवे ते लिहून मागावे. अपलोड स्वीकारणाऱ्या कार्यक्रमातच युमास्क निश्चित करून ठेवता येतो. मूळ संगणकावरील परवानगी बरोबर जाते किंवा नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

तिसरी, कोणी ७७७ चा उपाय सुचविल्यास हात जोडून नको म्हणावे. जी एक फाइल दिसत नाही तिचीच परवानगी ६४४ करावी, आणि तिच्या वाटेवरील फोल्डरांचा उंबरठा ओलांडता येतो का ते पाहावे. एका गोणीचा टाका निघत नाही म्हणून कोणी सबंध गोदामाची भिंत पाडीत नाही.

चौथी, प्रत्येक अपलोडानंतर परक्याच्या डोळ्यांनी पाहावे. मालकाला आपले सर्व काही दिसतेच. त्यावरून काही सिद्ध होत नाही. ज्या मोबाईलवर आपली ओळख नोंदलेली नाही अशा मोबाईलवरून दरपत्रक उघडते का, आणि बाकीची यादी उघडत नाही ना, ही दोन्ही पाहणी करावी. अनेक सभासद गूगल ड्राइव्हवरून कागद पाठवितात. तेथेही 'दुवा ज्याच्याकडे आहे त्या कोणासही' ही निवड करण्यापूर्वी तो दुवा पुढे किती हातांत जाईल याचा विचार करावा.

पाचवी गोष्ट यंत्राची नाही. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आम्ही नव्या वहीच्या दुसऱ्या पानावर एक यादी लिहितो: कोणता कागद कोणी वाचावा, कोणी लिहावा, कोणाला दिसू नये. सूनबाई ती पाहून सर्व्हर जुळवून घेतात. जे आजवर न बोलता चालत होते ते आता बोलावे लागते, एवढाच काय तो फरक.

त्या गृहस्थांकडे आम्ही पुढच्या पाडव्यास स्वतः जाऊन आलो. त्यांनी बसावयास दिले, चहा दिला, मुलीचे लग्न पार पडल्याचे सांगितले. क्षमा मागितली तेव्हा ते "असू दे, अण्णा" म्हणाले; परंतु माल आजही दुसरीकडूनच नेतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. त्यांचे खाते आम्ही मिटविलेले नाही. दरवर्षी नव्या खतावणीत त्यांचे नाव ओढतो आणि पुढे शून्य लिहितो.

असो. ज्या सभासदांचे दप्तर दूरच्या कोठारात गेले असेल, त्यांनी हे पान मिटल्यावर एकदा परक्या मोबाईलवरून आपले दार ढकलून पाहावे, एवढीच विनंती करून लेखणी खाली ठेवतो. सर्व सभासद व त्यांच्या कुटुंबीयांस नूतन वर्ष सुखसमृद्धीचे जावो.